नाल्यातले डास चावले तर डेंग्यू होत नाही म्हणे, खरंय का?

वैतागलेली_सेक्रेटरी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. आमची पुण्यातली सोसायटी, चार विंग, मागे नाला. ऑगस्टपासून एकट्या बी विंगमध्ये डेंग्यूचे पाच पेशंट झाले, त्यात दोन लहान मुलं, एकाच्या प्लेटलेट्स फारच खाली गेलेल्या पण आता घरी आलाय. मी यंदा सेक्रेटरी, त्यामुळे सगळ्यांचा राग माझ्यावर. मीटिंगमध्ये ठराव झाला की नाल्याच्या बाजूने आठवड्यातून दोनदा फॉगिंग करायचं, पैसे मेंटेनन्समधून. धूर होतो, म्हातारी माणसं खोकून हैराण, आणि अर्ध्या तासात डास परत हजर.

परवा तपासणीला आरोग्य खात्याचे एक दादा आले होते. त्यांनी नाल्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, म्हणाले "ताई, हे गटारातले डास, यांनी डेंग्यू होत नाही, घरातलं दाखवा" आणि सरळ आमच्या गॅलरीतल्या कुंड्यांच्या ताटल्या उचलून बघायला लागले. मला तर वाटलं काम टाळतायत.

माझी शंका अशी, की संध्याकाळी नाल्यावरून जे ढगच्या ढग येतात तेच डास पेशंटला चावणार, व्हायरसवालं रक्त पिणार, मग येऊन माझ्या पोराला चावणार. डास म्हणजे उडती सुईच ना शेवटी? मग जातीचा काय संबंध?

डोंबिवली_फास्ट_चुकलेला

डासांतसुद्धा जात बघायला लागलो आपण, आता काय राहिलं 😀

बाकी आमच्याकडे पण फॉगिंगवाला येतो. त्याला बघून डासांपेक्षा कुत्रीच जास्त पळतात.

इन्सेक्टरीतला

ताई, ते दादा काम टाळत नव्हते, बरोबर जागी बघत होते. मी सतरा वर्षं डास पाळायचं काम केलंय. हो, पगारावर. लग्नाच्या बाजारात सांगायला अवघड जायचं.

आधी तुमचं उडत्या सुईचं बघू. डासाची सोंड बाहेरून एक दिसते पण आत नळ्या दोन, एकीतून रक्त वर जातं आणि दुसरीतून लाळ खाली येते. म्हणजे आधी प्यालेलं रक्त डास तुमच्या अंगात परत सोडत नाही, सोडतो ती फक्त लाळ. त्यामुळे व्हायरसला तुमच्यापर्यंत यायचं तर डासाच्या पोटातून लाळेत पोचायला हवं, आणि हा प्रवास दिसतो तेवढा सोपा नाही. डासाच्या पोटात गेलं ते पचायला गेलं. दोन-तीन दिवसांत रक्त पचून जातं, त्याच्या आत व्हायरसने पोटाच्या अस्तरातल्या पेशींत शिरकाव करायचा, तिथे आपली संख्या वाढवायची, मग अस्तराच्या मागची पातळ चाळणीसारखी भिंत ओलांडून डासाच्या अंगातल्या द्रवात उतरायचं, आणि शेवटी लाळग्रंथीत शिरून तिथेही वाढायचं. यातल्या कुठल्याही उंबऱ्यावर गाडी अडते. तुमच्या नाल्यातला क्युलेक्स आहे ना, त्याच्या पोटात डेंग्यूचा व्हायरस गेला तरी पहिल्या नाहीतर दुसऱ्या उंबऱ्यालाच त्याचा कारभार आटोपतो. घरातल्या साठवलेल्या पाण्यात वाढणारा एडिस इजिप्ती म्हणून डास असतो, त्याच्यात तोच व्हायरस शेवटपर्यंत पोचतो. कुलूप-किल्लीसारखं आहे, कुठल्या व्हायरसची किल्ली कुठल्या डासाला लागेल ते ठरलेलं.

हे लॅबमध्ये कसं बघतात ते सांगतो, कारण ऐकलं की डोक्यात पक्कं बसतं. अळ्यांना ट्रेमध्ये कुत्र्याच्या बिस्किटाची पूड आणि यीस्ट घालून वाढवायचं, मोठे झाले की पिंजऱ्यात भिजवलेल्या मनुका ठेवायच्या (नर आयुष्यभर गोडावरच जगतो, चावते ती फक्त मादी, तिला अंड्यांसाठी रक्त लागतं). मग माद्यांना काही तास उपाशी ठेवायचं आणि पातळ पडद्याखाली ३७ डिग्रीला गरम केलेलं व्हायरस मिसळलेलं रक्त द्यायचं. ज्या पिऊन टम्म झाल्या त्याच वेगळ्या काढायच्या आणि दहा-चौदा दिवस सांभाळायच्या. शेवटच्या दिवशी मादीला बर्फावर गार करायचं, पाय आणि पंख तोडायचे, सोंड काचेच्या केसाएवढ्या नळीत घालायची, ती त्यात लाळ सोडते. मग धड वेगळं, पाय वेगळे, लाळ वेगळी तपासायची. धडात सापडला म्हणजे पोटाला लागण झाली, पायात सापडला म्हणजे पोट ओलांडलं, लाळेत सापडला तरच ती मादी कुणाला आजार देणार. बऱ्याच जाती धडात पॉझिटिव्ह येतात आणि लाळेत शून्य. पेपरात "अमुक डासात तमुक व्हायरस सापडला" असं आलं की मी पहिलं हेच विचारतो, अहो सापडला कुठे, पोटात का लाळेत?

यालाच व्हेक्टर कॉम्पिटन्स म्हणतात, मराठीत वाहकक्षमता म्हणा. आता चहा घेतो, उरलेलं नंतर.

वैतागलेली_सेक्रेटरी

अरे देवा, पाय तोडून... बरं. पण कळलं मला. दोन प्रश्न राहिले. एक, मग एचआयव्ही पण याच कारणाने डासाने पसरत नाही का? आणि दोन, आमच्या कमिटीतले एक काका व्हॉट्सॲपवरचं काहीतरी दाखवून सांगत होते की झिका गटारातल्या डासानेही होतो, ब्राझीलला सिद्ध झालंय.

इन्सेक्टरीतला

एचआयव्हीचं तेच. त्याला डासाच्या पेशीत शिरताच येत नाही, रक्ताबरोबर पचून जातो, विषय संपला.

काकांचं मात्र अगदीच हवेतलं नाहीये. २०१६ साली झिकाच्या साथीत ब्राझीलमधल्या रेसिफेच्या संशोधकांना गटारातल्या क्युलेक्सच्या लाळेत झिका सापडला होता आणि त्यावर जगभर गदारोळ झाला, कारण खरं निघालं असतं तर सगळं कंट्रोलचं काम उलटंपालटं करावं लागलं असतं. मग कितीतरी देशांतल्या लॅबनी आपापले क्युलेक्स पाजून बघितले आणि बहुतेक सगळीकडे उत्तर आलं की हा डास झिका पुढे देत नाही. काही ठिकाणी तर पोटाचा अडथळाच टाळायचा म्हणून व्हायरस सुईने थेट छातीत टोचून बघितला, तरी लाळेत जवळपास काहीच येईना. आपल्याकडे २०२१ ला पुरंदर तालुक्यात बेलसरला राज्यातली पहिली झिका केस निघाली, मग २०२४ ला पुणे शहरात निघाल्या, तिथेही आरोग्यवाले एडिसच्याच मागे होते ते उगीच नाही.

छातीत टोचण्यावरून आठवलं. टॉक्सोऱ्हिंकायटिस नावाचा एक धिप्पाड डास असतो, माणसाला चावतच नाही, त्याच्या अळ्या उलट बाकीच्या डासांच्या अळ्या खातात. पेशंटच्या रक्तातला डेंग्यूचा व्हायरस वाढवून ओळखायचा असेल तर या डासाच्या छातीत टोचतात, आत मस्त वाढतो आणि डास चावत नसल्यामुळे काम करणाऱ्याला भीती नाही. म्हणजे बघा, व्हायरस अंगात वाढतो पण निसर्गात हा डास कुणालाच आजार देत नाही, कारण चावतच नाही. म्हणून नुसत्या वाहकक्षमतेवर भागत नाही. ते पुढे लिहितो.

बार्शीकर

आमच्या बार्शीत १९७३ साली चिकनगुनियाची मोठी साथ आली होती, आजोबा सांगायचे गल्लीत अर्धी माणसं भिंतीला धरून चालायची. तेव्हा आदल्या वर्षीचा दुष्काळ, नळाला पाणी नाही, घरोघर रांजण, पिंपं, हौद भरून ठेवलेले. त्यामुळेच वाढले असणार डास, हा आपला माझा अंदाज. नंतर म्हणे तीसेक वर्षं चिकनगुनिया गायबच झाला होता. डास तर इथेच होते की, मग मधे गेला कुठे?

इन्सेक्टरीतला

बार्शीकर, नेमका प्रश्न. बार्शीची साथ आमच्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तिचा अभ्यास केलेला. डास इथेच होता पण व्हायरस नव्हता. २००५-०६ ला परत आला तो जुना नव्हेच. १९६३ ची कोलकात्याची आणि ७३ ची बार्शीची साथ आशियाई जातकुळीच्या व्हायरसची होती, २००६ ला आला तो आफ्रिकेकडचा. त्या एका वर्षात देशात १३ लाखांच्या वर संशयित पेशंट झाले, आपल्याकडे मालेगावपासून मराठवाड्यापर्यंत लोक आखडून बसले होते. दरवाजा उघडा असणं आणि पाहुणा येणं या दोन वेगळ्या गोष्टी. आफ्रिकेतून येणाऱ्याकडे एअरपोर्टवर यलो फीव्हरचं सर्टिफिकेट मागतात ते याचसाठी, तो पसरवणारा डास इथे आपल्या घरात तयारच बसलाय.

आता मघाचं राहिलेलं. लोकांना वाटतं एडिस इजिप्ती हा व्हायरस वाहण्यात जगात एक नंबर म्हणून डेंग्यू पसरतो. तसं नाहीये. त्याचा भाऊबंद एडिस अल्बोपिक्टस, ज्याला टायगर म्हणतात, त्याच्या पोटाला डेंग्यूची लागण लॅबमध्ये इजिप्तीपेक्षा सहज होते, फक्त पुढे अंगभर पसरण्यात तो मागे पडतो. तरी शहरात साथ आणतो तो इजिप्तीच, कारण त्याचं राहणीमान. इजिप्ती म्हणजे घरजावई. पडद्यामागे, दाराला अडकवलेल्या कपड्यांत, पलंगाखाली बसणार, तुमच्याच पिंपात अंडी घालणार, आणि गाय-म्हैस-कुत्रं दारात असलं तरी माणूसच चावणार. त्यातही सरळ पोटभर जेवणार नाही, तुम्ही हात हलवला की उठून बायकोला, तिथून पोराला, एका जेवणात तीन पानांवर बसणारा. टायगर अंगणातला, झाडीतला, मिळेल त्याचं रक्त पिणार. डासाला आजार पसरवायला निदान दोनदा माणूस चावायला लागतो, एकदा व्हायरस घ्यायला आणि एकदा द्यायला. ज्याचा पहिला चावा माणसाला आणि दुसरा बकरीला, तो लॅबमध्ये कितीही हुशार असला तरी तुमच्या सोसायटीत फेल.

आणि तिसरी गोष्ट आयुष्य. रक्त प्याल्यापासून लाळेत व्हायरस यायला डेंग्यूला साधारण आठ-बारा दिवस लागतात, तेवढं जगायला तर पाहिजे. समजा रोज शंभरातले नव्वद डास जगतात, तर दहा दिवसांनी पस्तीसच उरतात. रोज ऐंशीच जगले तर दहा दिवसांनी फक्त अकरा. डासाचं आयुष्य थोडं जरी कमी झालं तरी आजार देणारे डास एकदम घसरतात. उलट हवा तापली तर व्हायरस लवकर तयार होतो, २५ डिग्रीला पंधरा दिवस धरले तर ३० डिग्रीला साधारण सहा-सात, म्हणजे डासाला कमी जगून भागतं. ऑगस्ट-सप्टेंबर-ऑक्टोबरला आपल्याकडे दमट हवा, डास जास्त जगतो, ऊनही फार कमी नाही, पाणी जागोजागी. वर्षातला सगळ्यात सोयीचा काळ त्यांचा.

दोडामार्गवालो

ता सगळा खरा, पण तुम्ही टायगरला फारच सोडून दिलात. आमच्याकडे सिंधुदुर्गात घरात इजिप्ती कमी आणि बागेत हा पट्टेवाला भरदिवसा फाडून खातो, पाठीवर मधोमध एक पांढरी रेघ, ओळखायला सोपा. दोडामार्गात केरळवाल्यांनी रबर लावलंय आणि चीक जमवायच्या वाट्या पावसात झाडावर तशाच असतात, प्रत्येकीत पाणी. एका केरळवाल्यानेच सांगितलं की त्यांच्याकडे रबराच्या बागांमुळेच चिकनगुनिया भडकला होता. खरं काय?

इन्सेक्टरीतला

दादा, खरंय, आणि ही माझी आवडती गोष्ट आहे त्यामुळे आता ऐकावीच लागेल.

हिंदी महासागरात रियुनियन नावाचं फ्रेंचांचं बेट आहे. २००५-०६ ला तिथे चिकनगुनिया आला आणि पावणेआठ लाखांच्या बेटावर अडीच लाखांहून जास्त लोक आजारी पडले, तीनातला एक. गंमत म्हणजे तिथे इजिप्ती फारच थोडा, सगळा टायगर, आणि टायगर तर चिकनगुनियाचा दुय्यम वाहक मानला जायचा. मग व्हायरसची जनुकं वाचली तेव्हा कळलं की त्याच्या बाहेरच्या आवरणातल्या ई-वन नावाच्या प्रोटीनमध्ये २२६ व्या जागी ॲलनीन नावाचं अमिनो आम्ल (प्रोटीनच्या माळेतला एक मणी म्हणा) होतं तिथे व्हॅलीन हे दुसरं आलंय. बास, एवढाच बदल, अख्ख्या पोथीतलं एक अक्षर. पण त्या एका अक्षराने टायगरच्या पोटाचा उंबरा व्हायरसला कित्येक पटींनी सोपा झाला, आणि इजिप्तीत मात्र त्याचा फारसा फायदा दिसला नाही. म्हणजे डास तोच, बेट तेच, किल्ली घासून कुलपाला बसवली.

आता भारत बघा. २००६ ला आपल्याकडे पसरला त्यात हा बदल नव्हता, कारण काम इजिप्ती करत होता, गरजच नव्हती. २००७ ला व्हायरस केरळात टायगरच्या राज्यात गेला, रबराच्या वाट्या, नारळाच्या करवंट्या, अननसाचे मळे, आणि तिथल्या व्हायरसमध्ये नेमका तोच २२६ चा बदल सापडला. रियुनियनहून आलेला नव्हे, इथेच स्वतंत्रपणे झालेला. ज्या डासातून जायचं त्याच्याप्रमाणे व्हायरस आपली चाल बदलतो. त्यामुळे वाट्या पावसात उपड्या करून ठेवा हे तुमच्या केरळवाल्यांना आवर्जून सांगा, तुमच्या तालुक्यात आधीच माकडतापाने कमी त्रास दिलाय का (तो गोचिडांचा, डासांचा नव्हे).

बोलोन्याहून

मंडळी, याचा पुढचा भाग माझ्या दारात घडलाय. मी नोकरीनिमित्त इटलीत बोलोन्याला असते. इथून तास-दीड तासावर राव्हेन्ना जिल्ह्यात कास्तिल्योने नावाचं खेडं आहे, नदीच्या दोन्ही काठांवर. २००७ च्या उन्हाळ्यात केरळहून आलेला एक माणूस तिथे नातेवाईकांकडे आला आणि तापला. टायगर इथे आधीच जुन्या टायरांतून येऊन स्थायिक झालेला. दोनशेच्या वर लोकांना चिकनगुनिया झाला, युरोपातली अशी पहिली साथ. इथले डॉक्टर आधी काय काय समजत होते देव जाणे. अजूनही उन्हाळ्यात पालिका गटाराच्या जाळीत टाकायच्या, डासांच्या अळ्या मारणाऱ्या गोळ्या वाटते, मी आमच्या अंगणातल्या जाळीत टाकते आणि दर वेळी गावाकडच्या हौदात सोडलेले गप्पी मासे आठवतात.

डोंबिवली_फास्ट_चुकलेला

म्हणजे केरळचा व्हायरस, आशियाचा डास, इटलीचं खेडं. आमची लोकल ठाण्यापुढे जात नाही.

बाय द वे ते व्होल्बाकिया का काय म्हणतात, डासांना जंतू देऊन डेंग्यू थांबवायचा, ते खरं आहे का फेकाफेकी?

इन्सेक्टरीतला

खरं आहे. व्होल्बाकिया हा किड्यांच्या पेशीत राहणारा जीवाणू, तुमच्या गटारातल्या क्युलेक्समध्ये तर तो मूळचाच असतो, टायगरमध्येही. इजिप्तीत नसतो. इजिप्तीत घातला की डेंग्यूचा व्हायरस त्याच्या अंगात नीट वाढत नाही, म्हणजे वाहकक्षमताच पाडायची, डास मारायचेच नाहीत. आणि मादीकडून अंड्यांत उतरत असल्याने पुढच्या पिढ्यांत आपोआप पसरतो. इंडोनेशियात योग्यकर्ता शहरात असे डास सोडले त्या भागांत डेंग्यूच्या केसेस ७७ टक्क्यांनी कमी निघाल्या, २०२१ ला ते छापून आलं. आपल्याकडे पुदुच्चेरीच्या डासांवर संशोधन करणाऱ्या सरकारी केंद्रानेही असे डास तयार केलेत. पण सोसायटीने ऑर्डर करून मागवायची गोष्ट नाही ती, ताई, तुम्ही पिंपं घासा.

आणि हो, क्युलेक्सला मी क्लीन चिट देत नाहीये. गटारातला क्युलेक्स हत्तीपाय देतो, विदर्भातल्या लोकांना विचारा. धानाच्या बांधीत वाढणारे त्याचे दुसरे भाऊ जपानी मेंदूज्वर देतात, तो व्हायरस डुकरांत आणि बगळ्यांत वाढतो, माणूस त्यात मधेच सापडतो. ॲनाफिलीस मलेरियाचा म्हणून आपण व्हायरसच्या यादीतून त्याला काढतो, पण चिकनगुनियाचा सख्खा भाऊ शोभेल असा ओन्योंग-न्योंग नावाचा व्हायरस आफ्रिकेत ॲनाफिलीसच पसरवतो, १९५९ ला युगांडापासून मोठी साथ होती त्याची. प्रत्येकाचं आपापलं गिऱ्हाईक.

वैतागलेली_सेक्रेटरी

सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावणार आहे (पाय तोडायचा भाग वगळून). आता करायचं काय ते नेमकं सांगा. फॉगिंग बंद करू का?

इन्सेक्टरीतला

साथ चालू आहे तर फॉगिंग घराच्या आत आणि जिन्यात, पेशंट आहेत त्या विंगमध्ये, सकाळी किंवा दिवस मावळायच्या आधी. नाल्यावर धूर सोडून तुम्ही डेंग्यूशी संबंध नसलेल्या डासाला मारताय. पेशंटला दिवसा मच्छरदाणीत झोपवा, हे कुणी करत नाही. ताप यायच्या एक-दोन दिवस आधीपासून पहिले पाचेक दिवस त्याच्या रक्तातून डासाला व्हायरस मिळतो, आणि हा डास दिवसा चावतो.

बाकी आठवड्याला एक कोरडा दिवस. पण नुसतं पाणी ओतून उपयोग नाही, एडिस अंडी पाण्याच्या वर, भांड्याच्या आतल्या कडेला चिकटवते, ती कोरडी सहा-सहा महिने टिकतात आणि परत पाणी भरलं की फुटतात. कड काथ्याने घासायची. आणि हा डास शे-दोनशे मीटरच्या पलीकडे सहसा जात नाही, त्यामुळे पाच पेशंट एका विंगमध्ये म्हणजे कारखाना त्याच विंगमध्ये आहे. टॉर्च घेऊन शोधा. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात उजेड पडला की सापासारख्या वळवळत सुळकन तळाला जाणाऱ्या अळ्या दिसल्या की समजा घबाड मिळालं. फ्रिजच्या मागचा ट्रे विसरू नका.

वैतागलेली_सेक्रेटरी

चार दिवसांनी अपडेट. मी, वॉचमनकाका आणि आठवीतली दोन मुलं टॉर्च घेऊन बी विंगमधली सगळी बिऱ्हाडं फिरलो. एकोणीस घरांपैकी सहा घरांत अळ्या. दोन फ्रिजचे ट्रे, एक मनी प्लँटची बाटली, एका आजींचा देवघराशेजारचा पाण्याचा तांब्या (गंगेचं पाणी म्हणून वर्षभर उघडाच), एक कूलर. आणि सहावं म्हणजे सगळ्यात वरच्या टेरेस फ्लॅटमध्ये कमळासाठी हौसेने आणलेलं मोठं दगडी घंगाळ, त्यात एकही मासा नाही, टॉर्च मारला तर पाणी काळं दिसावं इतक्या अळ्या, मुलं तर ओरडलीच.

तो फ्लॅट चेअरमनसाहेबांचा आहे. नाल्यावर फॉगिंगचा ठराव त्यांनीच मांडला होता. रविवारी मीटिंग आहे आणि अजेंडा मला लिहायचाय.

डोंबिवली_फास्ट_चुकलेला

ताई, मिनिट्स इथे टाका, प्लीज.